शीर नसलेले दोन योद्धे

१. पत्ता असलेली गोष्ट

भुताची गोष्ट संपली की ऐकणाऱ्यांपैकी एक जण हमखास विचारतो, "पण हे खरंच घडलं होतं का?" इसापाचा कोल्हा खरा होता का, असं कोणी विचारत नाही. भुताच्या गोष्टीला मात्र हा प्रश्न चिकटलेलाच, कारण सांगणारा ती पत्त्यासकट सांगतो. परतवाड्याहून घाट चढताना अमुक वळण, तमुक चिंच, पडकी विहीर, "माह्या आज्यानं सोता पायलं होतं बाप्पा". एवढा पुरावा समोर ठेवल्यावर ऐकणारा खरंखोटं विचारणारच.

या प्रश्नाचे दोन तुकडे करून घेऊ. भूत असतं का, हा पहिला. माझं उत्तर नाही असं आहे आणि या प्रकरणात त्याची पुन्हा चर्चा नाही. दुसरा तुकडा अधिक रसाळ आहे: गोष्टीतली जागा आणि तिथे मेलेला माणूस, हे तरी खरे होते का? याचं उत्तर पुष्कळदा हो असं येतं. मग खऱ्या मरणाची गोष्ट होते कशी?

वऱ्हाडात हे कापसावरून सांगता येईल. शेतातून आलेल्या कापसात सरकी असते. जिनात सरकी निघते, रुई उरते आणि मग तिचं सूत कोण कातणार, त्या सुतापासून धोतर होणार की सतरंजी, हे पुढचं. घडलेल्या घटनेतली सरकी म्हणजे साल, पलटण, नेमकं नाव, नेमकं कारण. तोंडातोंडी फिरताना ती गळते. उरलेली रुई कोणाच्या हाती पडते, यावर सगळं ठरतं. आपल्याकडच्या बहुतेक गोष्टींचा हा प्रवास मागे जाऊन तपासता येत नाही, कारण कोणी लिहूनच ठेवलं नाही. अमेरिकेतल्या काही प्रसिद्ध भूतकथांचा मात्र येतो. म्हणून अचलपूरला जायच्या आधी आपण हडसन नदीकाठी जाऊ.

२. टॅरीटाउनचा तोफगोळा

वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकाची 'द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो' ही कथा १८२० साली छापून आली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसनकाठच्या डच शेतकऱ्यांच्या वस्तीत इकाबॉड क्रेन नावाचा मास्तर येतो. काडीसारखा, खादाड आणि भुतांच्या गोष्टींचा शौकीन. गावातल्या सधन शेतकऱ्याच्या मुलीवर त्याचा डोळा असतो. तिच्यावर ब्रॉम बोन्स या दांडगट पोराचाही डोळा असतो. एका रात्री मेजवानी आटोपून मास्तर घोड्यावरून परत निघतो आणि त्याच्यामागे मुंडकं नसलेला स्वार लागतो. सकाळी मास्तर गायब. रस्त्यात त्याची टोपी आणि जवळच फुटलेला भोपळा सापडतो. पुढे ब्रॉमचं त्या मुलीशी लग्न होतं आणि भोपळ्याचा विषय निघाला की तो जरा जास्तच हसतो.

आता यातलं खरं काय ते एकेक करून पाहू.

स्वारापासून सुरुवात करू. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी जर्मनीतल्या हेसे संस्थानातून भाडोत्री पलटणी आणल्या होत्या. त्या शिपायांना हेशियन म्हणत. २८ ऑक्टोबर १७७६ रोजी व्हाइट प्लेन्सला लढाई झाली. त्यानंतरच्या दिवसांतल्या एका चकमकीत अमेरिकनांच्या तोफगोळ्याने एका हेशियनचं डोकं उडालं. तिथे हजर असलेल्या जनरल विल्यम हीथने ही गोष्ट आपल्या आठवणींत एका ओळीत नोंदवून ठेवली आहे. त्याने लिहिलंय की तो माणूस तोफखान्यातला होता. म्हणजे घोडा नव्हताच! तो नंतर कोणीतरी दिला. तोफेमागे उभं राहून ठार झालेल्या माणसाचं भूत पाठलाग कसं करणार? गोष्टीला घोड्याची गरज होती, मग घोडा आला. त्यासाठी आयर्विंगला फार लांब जावं लागलं नसेल, कारण बिनडोक्याचे स्वार जर्मन लोककथांत आधीपासून होते आणि त्या त्याने वाचल्या होत्या.

जागा खरी आहे. १७९८ साली न्यूयॉर्क शहरात पीतज्वराची साथ आली, तेव्हा पंधरा वर्षांच्या आयर्विंगला घरच्यांनी टॅरीटाउनला एका मित्राकडे पाठवलं. साथ शहरात होती म्हणून पोरगं खेड्यात आलं आणि तिथल्या डच बायाबापड्यांच्या गोष्टी त्याच्या कानांवर पडल्या. तिथलं जुनं डच चर्च आणि त्याची दफनभूमी आजही आहे. कथेत मास्तर एका झाडापाशी घाबरतो. ते झाड मेजर आंद्रे या इंग्रज हेराच्या नावाचं आहे आणि आंद्रेही खरा: २३ सप्टेंबर १७८० रोजी तो टॅरीटाउनला पकडला गेला, पुढे फासावर गेला.

मास्तराचं नाव एका खऱ्या लष्करी अधिकाऱ्याचं. मास्तराचा स्वभाव मात्र किंडरहूक गावच्या जेसी मर्विन या शिक्षकावरून घेतला असं मानतात. एकाचं नाव, दुसऱ्याचा स्वभाव, तिसऱ्याचं मरण. आणि हे सगळं कागदावर उतरलं ते इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला बहिणीच्या घरी राहताना. गाव हजारो मैल दूर असलं की त्याच्यावर धुकं चांगलं चढतं, हे कोणत्याही परदेशी राहणाऱ्या लेखकाला विचारा.

पुढची गंमत व्यवहाराची आहे. शेजारच्या नॉर्थ टॅरीटाउन गावात मोटारींचा मोठा कारखाना होता. तो १९९६ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून गावाचं नाव स्लीपी हॉलो करून घेतलं. आधी गावाने गोष्ट दिली, मग गोष्टीने गावाला नाव आणि पर्यटक दिले.

३. अचलपूरचा नवरदेव

आता अचलपूर. जुनं एलिचपूर, वऱ्हाडची जुनी राजधानी. तिथे शहा दुल्हा रहमान गाझी यांचा दर्गा आहे आणि त्यांची आख्यायिका पंचक्रोशीत ठाऊक आहे. गझनीच्या महमूदाचा हा भाचा लग्नाच्या ऐन दिवशी बोहल्यावरून उठून लढाईला निघाला, म्हणून दुल्हा. अचलपुरात ईल राजाचं राज्य होतं. तुंबळ लढाई झाली, दुल्हा रहमानचं शीर तुटलं, तरी धड तलवार चालवत राहिलं. शेवटी राजाही पडला.

इतिहासाच्या फूटपट्टीने मोजलं तर गोष्ट जुळत नाही. महमूद १०३० मध्ये वारला आणि दख्खनेत तो किंवा त्याची फौज कधी आल्याची नोंद नाही. उत्तरेकडचं मुसलमानी सैन्य अचलपूरवरून गेल्याची भरवशाची हकीकत येते ती अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरच्या स्वारीत, १२९६ च्या सुमारास. म्हणजे मधे अडीच शतकांहून अधिक अंतर. लोकांनी दोन काळ एकमेकांवर ठेवून शिवून टाकले असावेत. ईल राजाची दुसरी बाजूही आहे. जैन परंपरेत तो आदराने आठवला जातो आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. एकाच लढाईतले दोघेही शत्रू आज पूज्य आहेत, ही गोष्ट मला लढाईपेक्षा जास्त नवलाची वाटते.

धड लढत राहिल्याची कल्पनाही एकट्या अचलपूरची नाही. १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाशी लढताना मुरारबाजी देशपांडे पडले. त्यांचंही शीर तुटल्यावर धड लढल्याचं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजस्थानात अशा वीरांची ठाणी गावोगाव आहेत.

टॅरीटाउनचा हेशियन आणि अचलपूरचा दुल्हा शेजारी उभे करा. दोघे परमुलखातून आलेले. दोघांचं शीर गेलेलं, दोघांचं मरण लढाईतलं. मग एकाचं भूत का झालं आणि दुसऱ्याचा पीर का?

उत्तर त्यांच्या मरणात सापडत नाही, मरणानंतर लोकांनी काय केलं यात सापडतं. दुल्हा रहमानला कबर मिळाली, चादर मिळाली, उरूस मिळाला. वर्षाकाठी त्याची आठवण काढणारी माणसं ठरलेली आहेत. हेशियनला यातलं काही मिळालं नाही. भाड्याने आलेला शिपाई, त्याचं नाव हीथनेही नोंदवलं नाही. कथेत तो रोज रात्री दफनभूमीतून उठून रणांगणाकडे जातो, कशासाठी? आपलं डोकं शोधायला. त्याचं काम राहिलेलं आहे.

४. सोय न लागलेले मेलेले

हेच सूत्र हातात धरून मराठी भुतांची यादी वाचा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा गरोदरपणी गेलेली बाई. समंध म्हणजे मागे वारस नसलेला किंवा पैशात जीव अडकलेला ब्राह्मण. ही भुतं अंधारातून आलेली नाहीत, ही समाजाच्या खानेसुमारीतून आलेली आहेत. जिथे आयुष्याचा ठरलेला टप्पा चुकला, विधी अर्धा राहिला, तिथे भुताचा एक प्रकार तयार झाला. हडळीच्या गोष्टी इतक्या का, याला कारण साधं आहे: बाळंतपणात बाया फार मरत. दवाखाना नव्हता, सुईण होती, ताप आला की तीन दिवसांत खेळ खलास. घरातली तरणी बाई अशी गेली की मागे राहणाऱ्यांच्या मनात प्रश्न राहायचा, आपण काही कमी केलं का? तो प्रश्न पुढे विहिरीपाशी पांढरं लुगडं नेसून उभा राहायचा.

मुंजाचा दुसरा पत्ता मात्र आशादायक आहे. विदर्भ-मराठवाड्यात कित्येक विहिरींपाशी, पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड असतो आणि त्याला मुंजा म्हणून नारळ फुटतो. भुताला जागा दिली, नैवेद्य दिला, आणि ते शेताची राखण करायला लागलं.

मेळघाटातल्या कोरकूंनी ही व्यवस्था फार नेटकी बसवली आहे. मेलेल्या माणसासाठी ते सिडोली नावाचा विधी करतात. सागवानाची कोरलेली फळी, म्हणजे मुंडा, झाडाखाली रोवतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, कधी घोडेस्वार अशी नक्षी असते. सिडोली होईपर्यंत मेलेला घरादाराला त्रास देऊ शकतो, झाली की तो पूर्वजांत जाऊन बसतो. विधीला खर्च येतो, म्हणून गरिबाघरी तो वर्षानुवर्षं लांबतो, आणि तेवढा काळ घरात आजारपण आलं तरी बोट त्या मेलेल्याकडे जातं. मेलेला कधीपर्यंत उपद्रवी आणि कधीपासून आपला, याची सीमारेषा त्यांनी लाकडात कोरून ठेवली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोष्ट सांगणं वेगळं आणि जिवंत माणसावर बोट ठेवणं वेगळं. मेलेल्याची सोय न लागल्याची भीती जेव्हा एखाद्या जिवंत बाईवर "हिनंच केलं" म्हणून ढकलली जाते, तेव्हा तिचा जीव जातो. अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपाखाली १९ जणांना फाशी दिलं. त्या खटल्यातल्या एका न्यायाधीशाच्या वंशात पुढे नॅथॅनिएल हॉथॉर्न हा लेखक जन्मला. त्याच्या १८५१ च्या 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' या कादंबरीतल्या घराण्यावर, पूर्वजाने अन्यायाने फासावर चढवलेल्या माणसाचा शाप आहे. घर सेलममधलं, खरं, आजही पाहता येतं. शापाच्या मुळाशी असलेली शरम लेखकाच्या स्वतःच्या घराण्यातली.

आपल्याकडे शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी वऱ्हाडी बोलीत कीर्तनं केली, समोरच्या माणसालाच प्रश्न विचारून अंगारेधुपारे आणि नवसाच्या बोकडांचा फोलपणा त्याच्या तोंडून वदवून घेतला. तरी भानामती, करणी यांच्या नावाने लुबाडणूक चालूच राहिली. शेवटी २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तोही त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर.

५. माल आहे, कातणारा नाही

वऱ्हाडच्या इतिहासात आयर्विंगला पुरून उरेल एवढी रुई पडून आहे. १८०३ सालचे हिवाळ्यातले फक्त सतरा दिवस घ्या.

२९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या आडगावला नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. लढाई दिवस कलल्यावर सुरू झाली. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच वेलस्लीच्या काही पलटणी बिथरून मागे पळाल्या, त्याने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरलं. अंधार पडेपर्यंत निकाल लागला आणि मग इंग्रजांच्या घोडदळाने पळणाऱ्यांचा चांदण्यात काही मैल पाठलाग केला.

चांदणं, काळ्या मातीची सपाट शिवारं, मागे टापांचा आवाज आणि पुढे पळणारी माणसं. व्हाइट प्लेन्सला एक तोफवाला मेला तर त्याची जगप्रसिद्ध कथा झाली. इथे शेकडो पडले. वाचवणारे कोणी नव्हते, नावं कोणी लिहिली नाहीत.

निसटलेलं पायदळ सातपुड्यात गाविलगडावर चढलं. चिखलदऱ्याशेजारचा हा बहामनी काळापासूनचा किल्ला. तिथे बेनीसिंग हा राजपूत सरदार होता. इंग्रजांनी अवजड तोफा डोंगरांतून दिवसेंदिवस ओढत उत्तरेच्या अंगाला नेल्या, तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला हल्ला केला. गड पडला. दरवाज्याजवळच्या प्रेतांच्या राशीत बेनीसिंग सापडला. घरातल्या स्त्रियांना आधी मारायचं आणि मग आपण मरायचं असा बेत झाला होता, पण तो पुरता तडीस गेला नाही, बहुतेक बाया वाचल्या, असं इंग्रजी वृत्तांत सांगतात. दोन दिवसांनी देवगावला भोसल्यांनी तह केला.

या मजकुरातली एकच गोष्ट घेऊन बसा: बेत ठरला होता आणि पुरता झाला नाही. ज्याने तलवार उचलली त्याचा हात थांबला का? ज्या वाचल्या त्या पुढे कुठे गेल्या? चांगली भूतकथा तोफांपासून सुरू होत नाही, ती अशा न मिळालेल्या उत्तरापासून सुरू होते.

गाविलगडावर कादंबरी झालीच नाही असं नाही. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने १९९९ मध्ये 'शार्प्स फोर्ट्रेस' लिहिली. तिच्यात गाविलगडाचा वेढा सविस्तर आहे आणि बेनीसिंग भेदरट दाखवला आहे. दरवाज्यात लढून मेलेल्या माणसाचं कथेत असं होतं, कारण कथेचा नायक इंग्रज शिपाई आहे आणि त्याला समोर कोणीतरी हलका लागतो. सूत कातणारा बाहेरचा असला की असंच व्हायचं. गो. नी. दांडेकर परतवाड्याला जन्मले, उद्धव शेळक्यांनी वऱ्हाडातल्या घराची 'धग' लिहिली, पण या मातीने जिवंत माणसांचं दुःख इतकं दिलं की मेलेल्यांकडे वळायला लेखकाला सवड झाली नसावी. माझं मत एवढंच की आता व्हायला हरकत नाही.

६. पुण्याचा वाडा, थोडक्यात

महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध भूतकथा वऱ्हाडातली नाही, पुण्याच्या शनिवारवाड्यातली आहे, म्हणून तिला टाळता येत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी वाड्यातच मारलं. काका रघुनाथरावांकडे धावत जाऊनही ते वाचले नाहीत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ते अमलात आलं नाही. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव १७९५ मध्ये याच वाड्यात वरून पडून मेला. १८२८ मध्ये वाडा जळाला.

लोक म्हणतात, रात्री अजून नारायणरावांची हाक ऐकू येते. ऐकू न येती तर नवल! अठराएक वर्षांचा मुलगा, मारणारे पगारी पहारेकरी, निकाल लागला पण शिक्षा झाली नाही, आणि ज्या दालनात हे घडलं ते जळून गेलं. राहिले ते तट, जोती आणि दरवाजे. एखादा वाडा शाबूत असता, त्यात सरकारी कचेरी असती, टेबलांवर फायली असत्या, तर हाक ऐकायला जागाच उरली नसती. भुताला भिंती चालतात, छप्पर चालत नाही.

७. जागा आधी, गोष्ट मागून

आतापर्यंत माणूस मेला आणि जागेला गोष्ट चिकटली. कधी उलटं होतं. जागाच इतकी चमत्कारिक असते की तिच्यासाठी कोणाला तरी मारावं लागतं.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार याचं उत्तम उदाहरण. कातळात सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, तळाशी खारं पाणी. गावची आख्यायिका अशी की लवणासुर जमिनीखाली बिळात राहायचा. विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त. दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहेच. शास्त्रज्ञ सांगतात की हा खड्डा उल्का आदळून झाला. दोन्ही हकीकतींत वरून काहीतरी येतं आणि जमिनीचं झाकण उडतं, एवढं साम्य मला गमतीदार वाटतं, त्यापलीकडे त्यातून काही काढू नये. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झालं. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं, पण तेव्हा लवणासुराची आठवण किती घरांत निघाली असेल!

चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले असं सांगतात. जवळच वैराट आहे, तीच विराटनगरी. राजस्थानातलं बैराटही तोच दावा करतं आणि साताऱ्याचं वाईसुद्धा. कीचक एकच, दऱ्या अनेक. खोल दरी दिसली की लोक विचारतात, इथून कोण पडलं?

चकव्याचं तसंच. रात्री शिवारातून घरी निघालेला माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. वऱ्हाडात चकवा न लागलेला म्हातारा भेटणं कठीण. पूर्णेच्या खोऱ्यात पीक निघाल्यावर रान इतकं सपाट होतं की नजर अडेल अशी खूण उरत नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की वळत वळत आपल्याच वाटेवर आली, आणि तरी आपण सरळच चाललो असं त्यांना वाटत होतं. डोळे बांधल्यावर तर काही जण वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरले. चकवा लागतो हे अनुभव म्हणून शंभर टक्के खरं आहे. अमावास्येला जास्त लागतो हेही पटण्यासारखं. फक्त लावणारा कोणी नसतो.

८. उसनवारी

जागा आणि माणूस यांच्याशिवाय भूतकथेला तिसरा पुरवठादार असतो: दुसरी भूतकथा.

१९७४ च्या ऑक्टोबरअखेर स्टीफन किंग आणि त्याची बायको कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात उतरले. हिवाळ्यासाठी हॉटेल बंद व्हायच्या बेतात होतं, दुसरे पाहुणे जवळपास नव्हते. खोली क्रमांक २१७. रिकाम्या, लांबलचक बोळांतून फिरलेल्या त्या एका रात्रीतून 'द शायनिंग' ही कादंबरी सुरू झाली, ती १९७७ मध्ये आली. तिच्यावरच्या चित्रपटात बाहेरून दिसणारी इमारत ओरेगनमधल्या दुसऱ्याच लॉजची होती. पुढे आपल्या २१७ मध्ये कोणी राहणार नाही, या भीतीने त्या लॉजवाल्यांनी चित्रपटात आकडा २३७ करून घेतला. प्रत्यक्षात लोक २१७ च मागून घेऊ लागले.

याच किंगची 'ग्रामा' नावाची एक कथा आहे: आजारी, भयंकर आजी आणि तिच्याबरोबर घरात एकटा राहिलेला मुलगा. मराठीत भयकथेची वाट रुंद करणाऱ्या नारायण धारपांनी तिच्यावरून 'आजी' लिहिली. रूपांतर असं की परकी वाटू नये. आपल्या माजघरात अंथरुणाला खिळलेली आजी बसवायला कितीसा वेळ लागतो?

१९९३ च्या सुमारास विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात रात्री राही अनिल बर्वे या मुलाला मित्राने एक गोष्ट सांगितली. ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. ती धारपांची 'आजी' होती हे त्याला पुढे कळलं. त्या भीतीतून त्याचा 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, गाव कोकणातलं, वाडा सासवडचा. अमेरिकेतली आजी मराठीत आली, जंगलात तोंडी सांगितली गेली, तिथून पडद्यावर चढली. आता पर्यटक तुंबाड कुठे आहे ते विचारत कोकणात जातात, वाडा बघायला सासवडला जातात. नागझिऱ्याला जाणारे वाघ बघायला जातात.